मज्जेतील लढाई आणि दुसऱ्या प्रत्यारोपणाचा प्रश्न



न्यायमूर्ती रानडे ह्यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमालेचा पाया घातला, तेव्हापासून उन्हाळ्याच्या संध्याकाळी चार माणसे एकत्र जमून एखाद्या विषयाचा खल करण्याची चाल महाराष्ट्रात रूढ झाली. मोरगावसारख्या क्षेत्री इतिहासावर बोलावयाचे म्हणजे मोरया गोसावी, चिंचवडहून येणारी पालखी आणि पेशव्यांची गणेशभक्ती ह्यांवर बोलावे, अशी श्रोत्यांची साहजिक अपेक्षा असते. आम्ही आज जो इतिहास सांगणार आहो तो वेगळा आहे. ह्या इतिहासातील लढाई माणसाच्या हाडांच्या पोकळीत चालते. तिला पावणेदोनशे वर्षे होऊन गेली आणि ती अद्याप संपलेली नाही.

विषय एका प्रश्नाच्या रूपाने मांडतो. मल्टिपल मायलोमा नावाचा मज्जेचा कर्करोग एखाद्यास झाला. त्याच्यावर मूलपेशींचे प्रत्यारोपण झाले. काही वर्षे बरी गेली. माणूस शेतावर जाऊ लागला, लेकीचे लग्न त्याने उभे राहून लावले. मग रोग उलटला. आता डॉक्टर म्हणतात की प्रत्यारोपण दुसऱ्यांदा करता येईल. ते करावे की न करावे?

कोणी म्हणेल की हा प्रश्न डॉक्टरांचा आहे, तो सभेत कशाला? आमचे म्हणणे असे की आकडे डॉक्टर सांगतील, पण निर्णय रोग्याला आणि त्याच्या घराला करावा लागतो. तो करताना इतिहास उपयोगी पडतो. कारण ह्या प्रश्नाचे उत्तर १९९६ साली एक होते, २००३ साली दुसरे होते आणि आज तिसरे आहे. शेजारच्या गावातील अमक्याने काय केले, एवढेच ऐकून जो निर्णय करतो तो पुष्कळदा जुन्या सालातील उत्तर नव्या सालातील प्रश्नाला लावीत असतो.

आपल्या आयुर्वेदाने शरीराचे सात धातू मानले आहेत: रस, रक्त, मांस, मेद, अस्थी, मज्जा आणि शुक्र. ह्यांतील मज्जा ही रक्ताची जन्मभूमी आहे, हे आधुनिक शास्त्राने दाखवून दिले. तांबड्या पेशी, पांढऱ्या पेशी व रक्त गोठविणारे कण हे सर्व मज्जेतील मूलपेशींपासून उत्पन्न होतात. पांढऱ्या पेशींच्या कुळातील एक शाखा प्लाझ्मा पेशींची. बाहेरून आलेल्या रोगजंतूंना तोंड देणारी प्रथिने तयार करणे हे तिचे काम. ह्या शाखेतील एकच पेशी बिघडते, तिचीच वीण वाढत जाते, आणि सगळ्या मिळून एकाच जातीचे निरुपयोगी प्रथिन रक्तात सोडीत राहतात. हाडे पोखरली जातात, रक्त कमी होते, मूत्रपिंडे बिघडतात, साध्या तापाशी झगडण्याचे बळ उरत नाही. पाठदुखी म्हणून महिनोन्‌महिने लेप आणि शेक चालतात आणि शेवटी मणका खचल्यावर रोगाचे नाव कळते, असे पुष्कळांच्या बाबतीत घडते. पाश्चात्त्य देशांत हा रोग बहुधा पासष्टीच्या पुढे आढळतो. आपल्याकडील रुग्णालयांत येणारे रोगी पुष्कळदा पन्नाशीतले, म्हणजे संसाराचा भार खांद्यावर असलेले, असतात.

ह्या रोगाचा पहिला सविस्तर वृत्तांत लंडनचा आहे. १८४४ साली तेथील एका प्रतिष्ठित किराणा व्यापाऱ्याच्या छातीत एकाएकी कळ आली. प्रथम लेप लावला, त्याने बरे वाटले. दुखणे पुन्हा आले तेव्हा त्या काळच्या रिवाजाप्रमाणे रक्त काढले, जळवा लावल्या. त्याने अशक्तपणा मात्र वाढला. १८४५ च्या वसंत ऋतूत कळा परत आल्या. तेव्हा डॉ. थॉमस वॉटसन ह्यांनी लोह आणि क्विनीन दिले, आणि आश्चर्य असे की उन्हाळ्यात हा गृहस्थ स्कॉटलंडात जाऊन दिवसाचा बराच भाग पायी हिंडू लागला. शरद ऋतूत रोग पुन्हा उलटला. डॉ. विल्यम मॅकिन्टायर ह्यांनी त्याच्या लघवीत एक विलक्षण पदार्थ पाहिला. तो तपासण्यासाठी हेन्री बेन्स जोन्स ह्या रसायनज्ञ वैद्याकडे गेला. तेच प्रथिन आजही बेन्स जोन्सच्या नावाने ओळखले जाते. १ जानेवारी १८४६ रोजी रोगी वारला. मृत्यूनंतर पाहिले तो बरगड्या मऊ आणि ठिसूळ झालेल्या.

ह्या वृत्तांतातील एक गोष्ट आम्हांस महत्त्वाची वाटते. रोग ओसरतो, माणूस हिंडूफिरू लागतो, आणि रोग परत येतो, हा क्रम अगदी पहिल्याच रोग्यात दिसतो. म्हणजे ‘दुसऱ्यांदा काय करावे’ हा प्रश्न ह्या रोगाच्या इतिहासाइतकाच जुना आहे.

१८७३ साली रुस्तिझ्की ह्याने ‘मल्टिपल मायलोमा’ हे नाव दिले, परंतु नाव मिळाले तरी औषध मिळाले नाही. ते आले ते युद्धाच्या वाटेने. १९१७ साली ईप्रच्या रणांगणावर जर्मनांनी मोहरीच्या वासाचा विषारी वायू सोडला. त्याने मेलेल्या सैनिकांची मज्जा ओस पडलेली आढळली. पुढे दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेतील येल विद्यापीठात ह्याच जातीच्या रसायनाचा उपयोग रक्ताच्या कर्करोगावर करून पाहण्यात आला. जे चांगल्या मज्जेला मारते ते बिघडलेल्या मज्जेलाही मारील, हा त्यातील तर्क. बचनाग शुद्ध करून औषधात घालणाऱ्या आपल्या वैद्यांना हा तर्क परका वाटू नये. त्या रसायनाला एका साध्या अमिनो आम्लाची जोड देऊन मेल्फॅलन हे औषध तयार झाले. १९५८ साली रशियातील ब्लोखिन ह्यांनी आणि १९६२ साली अमेरिकेतील बर्गसॅगेल ह्यांनी ते मायलोमावर गुणकारी ठरते असे दाखविले. पुढे त्याला स्टेरॉइडची जोड मिळाली आणि बरीच वर्षे हाच मुख्य उपचार राहिला.

औषध थोडे दिले तर रोग दबतो, मरत नाही. पुष्कळ दिले तर रोगाबरोबर चांगली मज्जाही मरते. ह्या कोंडीतून निघण्याची युक्ती कोणाही शेतकऱ्यास कळेल अशी आहे. तणाने भरलेले शेत भाजावयाचे असेल तर आधी चांगले बियाणे काढून कणगीत ठेवावे, मग शेत भाजावे आणि बियाणे पुन्हा पेरावे. रोग्याच्या रक्तातून त्याच्याच मूलपेशी यंत्राने काढून ठेवतात, नंतर मेल्फॅलनची मोठी मात्रा देतात, आणि एकदोन दिवसांनी त्या पेशी शिरेवाटे परत सोडतात. त्या आपल्या आपण मज्जेत जाऊन रुजतात. दहाबारा दिवसांत पांढऱ्या पेशी दिसू लागतात. म्हणून ‘प्रत्यारोपण’ हे नाव थोडे फसवे आहे. येथे दुसऱ्याचा अवयव बसवीत नाहीत. रोगावर घाव घालते ते औषध. मूलपेशी केवळ रोग्याला त्या घावातून वाचवितात. हा भेद ध्यानात ठेवला म्हणजे पुढचा सगळा वाद समजण्यास सोपा जातो.

दुसऱ्याची मज्जा देण्याचा मार्ग ह्याआधीच सुरू झाला होता. अमेरिकेतील डॉ. डॉनल थॉमस ह्यांनी १९५७ साली त्याचे पहिले प्रयोग प्रसिद्ध केले; १९९० साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. ह्याच थॉमस ह्यांच्या सिअ‍ॅटल येथील संस्थेत शिकून आलेले डॉ. सुरेश अडवाणी ह्यांनी १९८३ साली मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात भारतातील पहिले मज्जा-प्रत्यारोपण केले. रक्ताच्या कर्करोगाने आजारी असलेल्या नऊ वर्षांच्या मुलीला तिच्या भावाची मज्जा दिली गेली. अडवाणी स्वतः आठव्या वर्षी पोलिओ होऊन चाकाच्या खुर्चीला जखडले गेले होते, हे सांगितले म्हणजे त्या कार्याची थोरवी वेगळी वर्णावी लागत नाही.

त्या रुग्णालयाचा उगमही रक्ताच्या कर्करोगातच आहे. सर दोराबजी टाटा ह्यांच्या पत्नी मेहेरबाई १९३१ साली ह्या रोगाने विलायतेत वारल्या. जे उपचार तेथे मिळाले तसे इकडे कोणालाच मिळण्यासारखे नव्हते. ही उणीव भरून काढण्याच्या इच्छेतून २८ फेब्रुवारी १९४१ रोजी परळचे रुग्णालय उघडले. डॉ. व. रा. खानोलकर ह्यांच्यासारख्या विकृतिशास्त्रज्ञाने तेथे संशोधनाची परंपरा घातली. मेहेरबाईंना विलायत गाठावी लागली. आज कऱ्हाकाठच्या रोग्याला पुण्याच्या पलीकडे जाण्याचीही गरज पडत नाही, कारण हे प्रत्यारोपण पुण्यातही होते.

१९८३ हेच साल मायलोमाच्या इतिहासातही मोलाचे. त्या वर्षी लंडनमध्ये मॅकएल्वेन आणि पाउल्स ह्यांनी मेल्फॅलनची मोठी मात्रा दिल्यास रोग पार दिसेनासा होऊ शकतो असे दाखविले. पुढे अमेरिकेत बार्लोगी ह्यांनी तिला रोग्याच्या स्वतःच्या मज्जेची जोड दिली. निर्णायक पुरावा १९९६ साली फ्रान्समधून आला. दोनशे रोग्यांचे चिठ्ठ्या टाकून दोन गट केले. एका गटाला नेहमीची औषधे, दुसऱ्याला मोठी मात्रा व प्रत्यारोपण. पाच वर्षांनी जगण्याचे अनुमानित प्रमाण पहिल्या गटात शेकडा १२, तर दुसऱ्यात शेकडा ५२ असे दिसले. तेव्हापासून हा उपचार जगभर मान्य झाला.

एकदा केल्याने एवढा लाभ, तर दोनदा केल्यास? २००३ साली त्याच फ्रेंच मंडळींनी ३९९ रोग्यांवर केलेल्या अभ्यासाचा निकाल प्रसिद्ध केला. सात वर्षे जगण्याचे प्रमाण एका प्रत्यारोपणानंतर शेकडा २१ आणि लागोपाठ केलेल्या दोन प्रत्यारोपणांनंतर शेकडा ४२ असे निघाले. पण ह्या निकालाच्या पोटात आणखी एक निकाल होता. लाभ झाला तो मुख्यतः पहिल्या प्रत्यारोपणाने ज्यांचा रोग पुरेसा ओसरला नव्हता त्यांना. ज्यांचा बहुतेक सगळा ओसरला होता, त्यांना दुसऱ्याने फारसे काही दिले नाही.

येथे एक घोटाळा दूर केला पाहिजे. ‘दुसरे प्रत्यारोपण’ हे शब्द दोन निरनिराळ्या गोष्टींना लावले जातात. पहिल्यानंतर काही महिन्यांतच, रोग दबलेला असताना, आधी ठरवून केलेले, ही एक गोष्ट. काही वर्षांनी रोग उलटल्यावर केलेले, ही दुसरी. फ्रेंच अभ्यास पहिल्या गोष्टीविषयी होता. आपला प्रश्न दुसरीविषयी आहे. घरोघरी होणाऱ्या चर्चेत ह्या दोहोंची सरमिसळ होते आणि एकीचे आकडे दुसरीला चिकटविले जातात.

दरम्यान औषधांचे जग पालटले. थॅलिडोमाइड हे झोपेचे औषध १९५७ साली जर्मनीत बाजारात आले आणि गरोदर स्त्रियांनी घेतल्यामुळे हजारो मुले व्यंग घेऊन जन्मल्याने १९६१ साली मागे घेण्यात आले. तेच औषध उलटलेल्या मायलोमावर चालते, असे १९९९ साली अमेरिकेतून प्रसिद्ध झाले. त्या निबंधाच्या लेखकांत डॉ. सीमा सिंघल ह्यांचे नाव पहिले आहे. ८४ रोग्यांपैकी सुमारे एक तृतीयांशांना गुण आला होता. मागोमाग बोर्टेझोमिब, लेनालिडोमाइड आणि पुढे डॅराट्युमुमॅब आले. ह्या औषधांमुळे दोन प्रत्यारोपणांचा लाभ शिल्लक राहतो काय? अमेरिकेतील ७५८ रोग्यांच्या अभ्यासात ठरवून केलेल्या दुसऱ्या प्रत्यारोपणाने एकंदरीत फरक पडला नाही. युरोपातील अभ्यासात, २०२० साली प्रसिद्ध झालेल्या निकालाप्रमाणे, फरक पडला, विशेषतः ज्यांच्या पेशींतील गुणसूत्रांचे दोष जहाल होते त्यांना. इतकेच नव्हे, २०२२ सालच्या एका मोठ्या अमेरिकन अभ्यासात पहिल्या प्रत्यारोपणाने रोग सुमारे ६७ महिने दबून राहिला, त्याविना ४६ महिने. परंतु सहा वर्षांनी हयात असणाऱ्यांची संख्या दोन्ही गटांत जवळजवळ सारखी निघाली.

रोग उलटल्यावरच्या प्रत्यारोपणाविषयी महत्त्वाचा पुरावा ब्रिटनचा आहे. १७४ रोग्यांचे चिठ्ठ्या टाकून दोन गट केले. दुसरे प्रत्यारोपण झालेल्यांचा रोग साधारण १९ महिने दबून राहिला. आठवड्याला सायक्लोफॉस्फमाइडच्या गोळ्या घेणाऱ्यांचा ११ महिने. आयुष्याचा मध्यबिंदू ६७ महिन्यांच्या विरुद्ध ५२ महिने आला. ह्यावरून कौल प्रत्यारोपणाच्या बाजूने पडतो खरा. तथापि ज्या गोळ्यांशी तुलना केली त्या जुन्या काळच्या होत्या. लेनालिडोमाइडशी तुलना करणाऱ्या जर्मन अभ्यासात, २०२१ साली, असा स्पष्ट फरक दिसला नाही. शिवाय १९ हा आकडाच बोलका आहे. पहिले प्रत्यारोपण जितके दिवस देते तितके दिवस दुसरे सहसा देत नाही.

म्हणून तज्ज्ञांनी एक गमक ठरविले आहे, आणि ते साध्या व्यवहाराला धरून आहे. पहिल्या प्रत्यारोपणानंतर रोग किती दिवस दबून राहिला? पुढे चालू औषध न घेता निदान दीड वर्ष, आणि चालू औषध घेत असता सुमारे तीन वर्षे राहिला असेल, तर दुसऱ्याचा विचार करण्यास जागा आहे. वर्षाच्या आतच उलटला असेल, तर तो मेल्फॅलनला दाद देत नाही हे कळून चुकले. तेच औषध पुन्हा देण्यात हशील नाही, दुसऱ्या जातीची औषधे पाहावी.

दुसरा प्रश्न कणगीचा. पहिल्या वेळी काढलेल्या पेशींपैकी काही राखून ठेवल्या आहेत काय? शरीराच्या दर किलो वजनामागे निदान वीस लाख मूलपेशी एका प्रत्यारोपणास लागतात. त्या वर्षानुवर्षे टिकवायच्या तर द्रव नायट्रोजनमध्ये, शून्याखाली १९६ अंशांच्या थंडीत, ठेवाव्या लागतात. आपल्याकडील पुष्कळ केंद्रांत खर्च वाचविण्यासाठी पेशी गोठवीत नाहीत. साध्या शीतपेटीत दोनतीन दिवस ठेवून लगेच परत देतात. पहिल्या प्रत्यारोपणास ही रीत उत्तम चालते, पण दुसऱ्यासाठी कणगीत काही उरत नाही. पेशी नव्याने काढाव्या लागतात, आणि बरीच औषधे पचविलेली मज्जा त्या पुरेशा देईलच असे नाही. म्हणून पहिल्याच वेळी हा प्रश्न डॉक्टरांना विचारून ठेवावा.

तिसरा प्रश्न शरीराचा. दोनतीन आठवडे रुग्णालयात वेगळ्या खोलीत राहणे, केस गळणे, तोंड सोलवटणे (मेल्फॅलन देताना बर्फ चघळत राहिल्यास हा त्रास कमी होतो), जुलाब, ताप, आणि नंतर काही महिन्यांची अशक्तता. अनुभवी केंद्रांत ह्यात मृत्यू येण्याचे प्रमाण शेकड्यात थोडके असते, पण शून्य नसते. वयाबरोबर आणि मूत्रपिंडांच्या बिघाडाबरोबर ते वाढते. मेल्फॅलनच्या प्रत्येक मोठ्या मात्रेबरोबर पुढे मज्जेचा दुसराच रोग उद्भवण्याची शक्यताही थोडी वाढते.

चौथा प्रश्न पैशाचा, आणि तो बोलण्यास आम्ही संकोच करणार नाही. बारामती तालुक्याच्या दक्षिण भागाला नीरेच्या डाव्या कालव्याचे पाणी मिळाले. मोरगाव-सुप्याकडचा भाग बव्हंशी जिरायतीच राहिला. येथील घरात चार एकर जमीन हीच ठेव असते. पहिल्या आजारात कर्ज झालेले. आता दीडदोन वर्षांच्या आशेवर जमीन विकावी काय? रोगी मनात म्हणतो, ‘माझ्यापायी पोरांना उघडे कशाला पाडू?’ मुले म्हणतात, ‘तुमच्यापुढे जमीन ती काय?’ दोघेही प्रेमानेच बोलतात, आणि त्या प्रेमापायी खरा प्रश्न कोणीच मोकळेपणाने विचारीत नाही. येथे दुसरी बाजूही ध्यानात घ्यावी. नवी औषधे महिन्यामागून महिने घ्यावी लागतात. त्यांची बेरीज एका प्रत्यारोपणापेक्षा मोठी होऊ शकते. काही घरांना दुसरे प्रत्यारोपण हाच स्वस्त मार्ग ठरतो. म्हणून दोन्ही वाटांचा दोन वर्षांचा हिशेब कागदावर मांडून घ्यावा, रुग्णालयाच्या समाजसेवा विभागात जाऊन शासकीय योजना व धर्मादाय निधी ह्यांची चौकशी करावी, आणि जमिनीचा विषय त्यानंतर काढावा.

इतिहासातील एक रोगी येथे आठवतो. थोरले माधवराव पेशवे राजयक्ष्म्याने खंगत १७७२ साली थेऊरास जाऊन राहिले. मोरगावप्रमाणे तेही अष्टविनायकांपैकी एक. वैद्यांचे उपचार चालू होते, देवाजवळ अनुष्ठाने चालू होती, आणि त्याच वेळी त्या सत्तावीस वर्षांच्या पुरुषाने राज्यावरील देणी फेडण्याविषयी व मागच्या व्यवस्थेविषयी कलमे लिहवून ठेवली. १८ नोव्हेंबर १७७२ रोजी ते वारले. उपचार घेणे आणि निरवानिरव करणे ह्या परस्परविरुद्ध गोष्टी आहेत असे त्यांना वाटले नाही. आमच्या मते ह्यात आजच्या रोग्याला बोध आहे. निरवानिरव केली म्हणजे आशा सोडली असे नव्हे. आणि प्रत्यारोपण नाकारले म्हणजे लढणे सोडले असेही नव्हे.

कारण वाटा आता दोनच राहिलेल्या नाहीत. रोग्याच्याच लढाऊ पेशी काढून, त्यांना रोग ओळखण्यास शिकवून परत देण्याचा उपचार २०२१ साली अमेरिकेत मायलोमासाठी मान्य झाला. मुंबईची आय. आय. टी. आणि टाटा मेमोरियल ह्यांनी मिळून असाच स्वदेशी उपचार तयार केला व २०२३ साली त्यास मान्यता मिळाली. मात्र तो रक्ताच्या इतर कर्करोगांसाठी आहे, मायलोमासाठी नव्हे. मायलोमा समूळ बरा झाला असे म्हणण्याचा दिवस अद्याप उगवलेला नाही. पण ह्या रोगात मिळविलेले एक वर्ष पुष्कळदा पुढच्या औषधापर्यंत पोचविणारा पूल ठरले आहे, हे १९९९ पासूनचा इतिहास सांगतो.

तर मग करावे की न करावे? जो सर्वांसाठी एक उत्तर देईल त्याच्यापासून सावध राहावे. पहिल्या खेपेस रोग तीनचार वर्षे दबला होता, पेशी राखलेल्या आहेत, अंगात बळ आहे, आणि नवी औषधे दीर्घकाळ परवडण्यासारखी नाहीत, अशा माणसाने ‘होय’ म्हणावे, ह्यास आधार आहे. ज्याचा रोग लवकर उलटला, किंवा ज्याला पहिल्या खेपेचे हाल आठवून अंगावर काटा येतो आणि ज्याच्यापुढे औषधाची दुसरी वाट मोकळी आहे, त्याने ‘नको’ म्हणावे, ह्यासही तितकाच आधार आहे. नातलगांनी पहिल्याला वेडा म्हणू नये आणि दुसऱ्याला भित्रा म्हणू नये.

मयूरेश्वरापुढे नारळ अवश्य ठेवावा. त्याने मनाला स्थैर्य येते. पण कौल लावण्यापूर्वी चार प्रश्न डॉक्टरांना विचारावेत: पहिल्याने किती दिवस दिले, पेशी आहेत काय, शरीर सोसेल काय, आणि दुसऱ्या वाटेचा खर्च किती? आणि पाचवा प्रश्न रोग्याला स्वतःला विचारावा, तो कोणीच विचारीत नाही म्हणून: ‘बाबा, मिळालेले दिवस तुम्हांला कसे घालवायचे आहेत?’ त्याचे उत्तर येईपर्यंत घरातील बाकीच्यांनी गप्प बसावे. निर्णय त्या उत्तरातून निघावा, अशी आमची विनंती आहे.